जड बॅरिऑनांचे दुर्बल क्षय : क्वार्क प्रतिमाने

ज्या बॅरिऑनात निदान एक क्वार्क चार्म (सी) किंवा बॉटम (बी) असतो, त्याचे दुर्बल परस्परक्रियेमुळे होणारे विघटन आणि त्याचे क्वार्क-पातळीवरील गणित. टॉप क्वार्क बद्ध अवस्था तयार होण्याआधीच नष्ट होत असल्याने तो येथे येत नाही. लॅम्डा-बी या कणाचा (यू, डी व बी क्वार्क) सरासरी आयुःकाल सु. १.५ पिकोसेकंद, तर बीच्या जागी सी असलेल्या लॅम्डा-सीचा सु. ०.२ पिकोसेकंद आहे.

अर्धलेप्टॉनी क्षय : लॅम्डा-बीपासून लॅम्डा-सी, एक लेप्टॉन व प्रतिन्यूट्रिनो निर्माण होतात. बी क्वार्कचा सी होताना डब्ल्यू बोसॉन बाहेर पडतो. हा भाग फर्मी स्थिरांक आणि कॅबिबो–कोबायाशी–मास्कावा आव्यूह यांवरून लिहिता येतो. खरी अडचण पुढे आहे. शेजारच्या दोन हलक्या क्वार्कांना बदललेल्या जड क्वार्कभोवती पुन्हा बांधले जावे लागते, आणि हे प्रबल परस्परक्रियेचे काम आहे. तिचा परिणाम सहा रूपगुणकांत, म्हणजे सहा फलनांत, साठवतात : तीन सदिश प्रवाहाचे, तीन अक्षीय प्रवाहाचे.

जड क्वार्कचे वस्तुमान अनंत मानल्यास या सहांच्या जागी एकच फलन उरते, आणि लॅम्डा-सी जागच्या जागी निर्माण होतो त्या बिंदूवर त्याचे मूल्य १ असते. नेथन इस्गर व मार्क वाइझ यांनी १९८९-९० च्या सुमारास मांडलेल्या जड-क्वार्क सममितीचे हे फळ. लॅम्डा-बीमधील हलक्या जोडीचे एकूण परिवलन शून्य असल्याने ही सममिती येथे मेसॉनांपेक्षाही सुटसुटीत रूप घेते. या क्षयाचे महत्त्व त्यातच आहे. वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणातील पहिली दुरुस्ती घेतली, तरी नवे अज्ञात फलन लागत नाही.

त्या फलनाचा उतार मात्र सममिती सांगत नाही. तो क्वार्क प्रतिमानांतून काढतात. पर्विन, रॉबर्ट्स व कॅपस्टिक (२००५) यांनी घटक-क्वार्क प्रतिमानातील तरंगफलने वापरली. एबर्ट, फाउस्टोव्ह व गाल्किन यांचे प्रतिमान सापेक्षतावादी आहे. गाउस-स्वरूपाचे तरंगफलन मोठ्या प्रतिक्षेपाला (लॅम्डा-सी वेगाने बाहेर पडतो त्या टोकाला) फार लवकर ओसरते, म्हणून त्या टोकाची भाकिते जपून वापरावी लागतात. डेटमोल्ड, लेनर व माइनेल यांच्या २०१५ मधील जालक-क्यूसीडी गणनेनंतर (प्रबल परस्परक्रियेचा सिद्धांत अवकाश-कालाच्या जाळीवर सोडवणारी पद्धत) प्रतिमानांची पारख तिच्याशी ताडून होऊ लागली. त्याच वर्षी एलएचसीबी प्रयोगगटाने लॅम्डा-बीच्या प्रोटॉन, म्यूऑन व प्रतिन्यूट्रिनो या क्षयाचे मापन केले आणि या जालक गणनेच्या आधारे वरील आव्यूहातील बी–यू जोडणीचे मूल्य सु. ०.००३३ काढले. या जोडणीच्या निरनिराळ्या मापनांतील तफावत पूर्ण मिटलेली नाही.

अलेप्टॉनी क्षय : ज्यांत लेप्टॉन निर्माण होत नाहीत असे हे क्षय दोन क्वार्कांमध्ये डब्ल्यूची देवाणघेवाण होऊनही घडतात. लॅम्डा-सीचा क्साय-शून्य बॅरिऑन व के-धन मेसॉन असा क्षय केवळ याच मार्गाने होतो; त्याचे प्रमाण सु. अर्धा टक्का आहे. हलक्या जोडीला येथे प्रेक्षक (क्षयात भाग न घेणारी) मानता येत नाही, म्हणून ध्रुव प्रतिमान (मधल्या बॅरिऑन अवस्थांद्वारे होणारी गणना) व प्रवाह बीजगणित (मंद मेसॉनाच्या मर्यादेतील गणना) यांचा आधार घेतात. प्रतिमानांची उत्तरे परस्परांपासून बरीच वेगळी येतात.

आयुःकाल : लॅम्डा-बी व बी-शून्य मेसॉन यांच्या आयुःकालांचे गुणोत्तर १९९० च्या दशकात सु. ०.८ मोजले गेले होते, सिद्धांताची अपेक्षा ०.९ च्या वर होती. एलएचसीबीने २०१४ मध्ये ते सु. ०.९७ दिले. ओमेगा-सीचा (दोन एस व एक सी क्वार्क) आयुःकालही २०१८ मधील मापनात पूर्वीच्या सु. चौपट निघाला.

दुहेरी जड बॅरिऑन : दोन सी क्वार्क असलेला क्साय-सीसी (द्विधन) हा बॅरिऑन एलएचसीबीने २०१७ मध्ये शोधला.