वादळाचा निरोप उंबरठ्यापर्यंत



३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर 'निसर्ग' वादळ आलं. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे उडाले. हे 'निसर्ग' नाव बांगलादेशानं सुचवलेलं होतं. पुढच्या वर्षी सप्टेंबरात 'गुलाब' आलं. ते नाव पाकिस्तानचं. गुलाब आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर उतरलं, ओसरत ओसरत मराठवाड्याकडे आलं आणि तिथली उभी पिकं पाण्यात घालून पुढं गेलं. उरलेलं वादळ गुजरातवरून अरबी समुद्रात उतरलं, तिथं त्यानं पुन्हा जोर धरला आणि ते ओमानला जाऊन धडकलं. तोवर त्याचं नाव 'शाहीन' झालं होतं. ते कतारनं दिलेलं.

एकच वादळ इतक्या देशांना पुरलं! म्हणून शेजारी एकमेकांशी बोलत असोत वा नसोत, वादळाचा निरोप द्यावाच लागतो. हा रिवाज कसा पडला, ते आज सांगते.

गोष्ट १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्रीची. आजचा बांगलादेश तेव्हा पूर्व पाकिस्तान होता. बंगालचा उपसागर वर उत्तरेकडे नरसाळ्यासारखा निमुळता होतो आणि तिथं पाणी उथळ आहे. वादळानं ढकललेलं पाणी मग पसरत नाही, उंच चढतं. त्या रात्री भोला बेटावर आणि आसपासच्या सखल गावांवर समुद्र चढून आला. ३ ते ५ लाख माणसं गेली. वादळ येतंय हे रेडिओवर सांगितलं होतं. पण किती मोठं, कुठं जायचं, हे गावात कुणाला कळलं नाही आणि जायला पक्की जागाही नव्हती. मदत उशिरा आली. लोकांचा संताप झाला आणि पुढच्याच वर्षी बांगलादेश वेगळा झाला, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं.

१९७१ च्या युद्धाची धग अजून गेली नव्हती, तरी १९७२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं या भागातल्या देशांसाठी चक्रीवादळांची एक समिती स्थापन झाली. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, ब्रह्मदेश, श्रीलंका, थायलंड असे देश तिच्यात आले. पुढं मालदीव, ओमान आले, आणि आज १३ देश आहेत. समुद्रावर नजर ठेवून या सगळ्यांना वादळाची खबर द्यायची जबाबदारी दिल्लीच्या आपल्या हवामान खात्याकडे आहे. २००४ पासून नावंही सगळ्यांनी मिळून द्यायची असं ठरलं. नाव असलं की बातमी तोंडोतोंडी पोचते, आणि दोन वादळांची गल्लत होत नाही.

पण देशाला निरोप मिळाला म्हणजे घराला मिळाला, असं नसतं. बांगलादेशानं त्याच सुमारास गावोगाव स्वयंसेवक नेमले. बावटा लावायचा, हातानं फिरवायचा भोंगा वाजवायचा, कर्ण्यावरून सांगत फिरायचं, हे त्यांचं काम. तरी २९ एप्रिल १९९१ ला पुन्हा मोठं वादळ आलं आणि सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. नंतर मोजदाद झाली तेव्हा दिसलं, की २० ते ४४ वयाच्या दर हजार पुरुषांत १५ गेले होते, तर दर हजार बायकांत ७१.

असं का झालं? निरोप बाजारात, चहाच्या टपरीवर सांगितला गेला आणि तिथं पुरुषच होते. घरातली बाई मुलं, म्हातारी माणसं, कोंबड्या-शेरडं आवरत राहिली. धनी आल्याशिवाय घर कसं सोडायचं, म्हणून थांबली. निवाऱ्यात परक्या पुरुषांसोबत रात्र काढायची, बायकांना आडोसा नाही, म्हणूनही कुणी गेली नाही. पाणी आलं तेव्हा ओली साडी पायात गुंतली, आणि पोहायला तर शिकवलेलंच नव्हतं.

यातून त्यांनी धडा घेतला. निवारे वाढवले, त्यांत बायकांसाठी वेगळी खोली आणि संडास केले. गुरांसाठी मातीचे उंच चौथरे बांधले. त्यांना तिकडं 'किल्ला' म्हणतात. गुरं सुरक्षित असली की माणूस घर सोडायला तयार होतो. आणि पथकांत बायका घेतल्या. आज तिथं सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या बायका आहेत. चुलीपर्यंत जाऊन "उठ, चल" असं बाईच बाईला सांगू शकते.

याच्या उलट ब्रह्मदेशात घडलं. मे २००८ मध्ये 'नर्गिस' वादळ तिथं गेलं. दिल्लीनं आधीच खबर दिली होती, पण ती इरावती नदीच्या मुखाजवळच्या गावांत धडपणे पोचली नाही. मेलेले आणि बेपत्ता मिळून १ लाख ३८ हजारांच्या आसपास. वर तिथल्या लष्करी सरकारनं बाहेरच्या मदतीला दार लवकर उघडलं नाही. भारताची जहाजं सामान घेऊन पोचली, आणि शेवटी आग्नेय आशियातल्या शेजारी देशांनी मध्ये पडून मदतीची वाट मोकळी केली. परक्याला नाही म्हणणाऱ्यानं शेजाऱ्याला घरात घेतलं.

आपल्या ओडिशात १९९९ च्या वादळात सुमारे १० हजार माणसं गेली होती. २०१३ ला 'फायलिन' आलं तेव्हा जवळपास १० लाख लोक आधी हलवले आणि बळी ५० च्या आत राहिले. हेही वादळ जबर होतं. खबर वेळेवर मिळाली आणि ती घरोघर पोचली, हा फरक.

तेव्हा पुढच्या बैठकीत हा विषय घ्याच. पूर, वीज, वादळ यांचा इशारा आपल्या गावात कुणाच्या मोबाईलवर येतो? तो माणूस बाहेरगावी असला तर? एकट्या राहणाऱ्या आजीला, बाळंतिणीला कोण सांगायला जाणार? वस्तीवार दोन-दोन बायकांची नावं ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. दिल्लीहून ढाक्याला निरोप जातो, तसा तो आपल्या शेवटच्या घरालाही गेला पाहिजे.