ग्लिबसी: दुसऱ्याचा पॅच वाचणाऱ्यांची वाटचाल

सी भाषा स्वतः फार थोडं करते. पडद्यावर अक्षर उमटवणं, फाइल उघडणं, मेमरी मागणं, आजची तारीख सांगणं, वर्गमूळ काढणं ही सगळी कामं तिच्यासोबत येणारी लायब्ररी करते. पुसदला १९८३ साली आणि यवतमाळला १९९६ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. तिथल्या लॅबमध्ये एखादी विद्यार्थिनी लिनक्सच्या मशीनवर ‘प्रिंटएफ’ लिहिते, तेव्हा तिच्या चार ओळींमागे लायब्ररीतल्या हजारो ओळी उभ्या असतात. त्या लायब्ररीचं नाव ग्नू सी लायब्ररी. जाणकारांच्या तोंडी नुसतंच ‘ग्लिबसी’. बहुतेक लिनक्स सर्व्हरांवर पायथन असो, पीएचपी असो की डेटाबेस, सगळ्यांना शेवटी तिच्याच दारात यावं लागतं.

आमच्याकडे शेतात जायला पांदण असते. अख्ख्या गावाच्या बंड्या तिच्यावरून जातात आणि पावसाळ्यात ती खचली की दुरुस्ती कोणाचीच नसते. ग्लिबसीही तशी सर्वांच्या वहिवाटीची वाट आहे, पण तिचे खड्डे काही माणसं जवळपास चार दशकं नेमाने बुजवत आली. त्यांचा बराचसा वेळ दुसऱ्याने पाठवलेली दुरुस्ती, म्हणजे पॅच, ओळीओळीने वाचण्यात गेला. या संस्थेच्या इतिहासात मला तेच काम सर्वांत मोलाचं वाटतं आणि त्याचीच वाच्यता सर्वांत कमी होते.

सुरुवात १९८७ची. रोलंड मॅक्ग्राथ या किशोरवयीन मुलाने फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी ही लायब्ररी लिहायला घेतली. नव्वदीत लिनक्स आलं तेव्हा लिनक्सच्या मंडळींना थांबायला वेळ नव्हता; त्यांनी ग्लिबसीची एक फांदी तोडून ‘लिनक्स लिबसी’ म्हणून वेगळी वाढवली. जानेवारी १९९७मध्ये ग्लिबसी २.० आली आणि पुढच्या काही वर्षांत लिनक्सचं जग मूळ लायब्ररीकडे परतलं. या काळापासून पुढे दीर्घकाळ सूत्रं उलरिच ड्रेपर यांच्या हाती होती. माणूस कमालीचा कर्तबगार, कामाचा उरक अफाट, आणि नकार तितकाच रोखठोक. एका माणसाच्या होकारावर सगळं अडलेलं असलं की काय होतं, ते पुढे दिसलं. २००९मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाने ‘ईग्लिबसी’ ही वेगळी शाखा स्वीकारली.

त्या काळातलं एक प्रकरण जवळून पाहण्यासारखं आहे. नोव्हेंबर २०१०मध्ये फेडोरा या लिनक्स वितरणाची १४वी आवृत्ती आली आणि लोकांच्या मशीनवर फ्लॅश प्लेअरचा आवाज चिरकू लागला. शोध घेता घेता बोट ‘मेमकॉपी’वर गेलं. हे फंक्शन मेमरीतला मजकूर एका जागेहून दुसऱ्या जागी नेतं. दोन जागा एकमेकींवर चढत असतील तर ते वापरू नये, त्यासाठी ‘मेममूव्ह’ आहे, असं सीचं मानक स्वच्छ सांगतं. फ्लॅशने नियम मोडला होता, पण जुनी मेमकॉपी पुढून मागे नक्कल करत असल्यामुळे वर्षानुवर्षं निभावून गेलं. नव्या इंटेल प्रोसेसरांसाठी लिहिलेल्या वेगवान आवृत्तीने काही वेळा नक्कल मागून पुढे करायला घेतली आणि आवाजाचा चुरा झाला. लायब्ररीवाले म्हणाले, चूक फ्लॅशची. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स म्हणाले, वापरणाऱ्याला त्याच्याशी काय करायचंय, कालपर्यंत चालत होतं ते आज बिघडलं. दोघंही बरोबर होते. तोडगा २०११च्या २.१४ आवृत्तीत निघाला: नव्या मेमकॉपीला नवी आवृत्ती-चिठ्ठी लावली आणि आधीच तयार झालेल्या प्रोग्रामांना जुन्या चिठ्ठीखाली मेममूव्हसारखं सुरक्षित वागणारं फंक्शन दिलं. ग्लिबसीचा धर्म या एका तोडग्यात आहे. एकदा बाहेर गेलेलं फंक्शन मागे घेता येत नाही, कारण कोणाचा तरी जुना प्रोग्राम त्याच्यावर उभा असतो.

मार्च २०१२मध्ये ग्लिबसीची सुकाणू समिती विसर्जित झाली आणि निर्णय सर्वसहमतीने घ्यायचे ठरले. २०१४मध्ये डेबियनही मूळ ग्लिबसीकडे परतलं. मला हा टप्पा या संस्थेचा दुसरा जन्म वाटतो. एका माणसाच्या जागी अनेक वाचक आले.

पॅच येतो तेव्हा दिसतं एवढंच: काढलेल्या ओळींपुढे उणे, घातलेल्यांपुढे अधिक. वाचणाऱ्याचे प्रश्न मात्र लांबवर जातात. बग नंबर काय? ही दुरुस्ती सिद्ध करणारी टेस्ट आहे का, आणि ती टेस्ट पॅचशिवाय खरोखर नापास होते का? मेमरी मिळाली नाही तर हा कोड काय करेल? दोन थ्रेड एकाच वेळी इथे आले तर? बत्तीस बिटांवर आकडा मावेल का? लायब्ररी डझनावारी प्रकारच्या मशीनांवर चालते. २०१६च्या अखेरीस जोसेफ मायर्स यांनी या सगळ्यांसाठी एका दमात बांधणी करून पाहणारी स्क्रिप्ट दिली, तेव्हा हा शेवटचा भार थोडा हलका झाला. वाचणाऱ्याचं समाधान झालं की कमिटखाली ‘रिव्ह्यूड-बाय’ म्हणून त्याचं नाव चढतं. लिहिणाऱ्याइतकीच जबाबदारी त्या ओळीने त्याच्या शिरावर येते.

पॅच मंजूर होऊनही काम किती उरतं, ते जानेवारी २०१५मध्ये कळलं. क्वालिस या सुरक्षा कंपनीने ‘घोस्ट’ नावाची खोट जाहीर केली. सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या ‘गेटहोस्टबायनेम’ फंक्शनात, नाव अंकांचं असेल तेव्हा लागणाऱ्या जागेचा हिशेब केला जात असे. त्या बेरजेत एका पॉइंटरची जागा धरायची राहिली होती: बत्तीस बिटांच्या मशीनवर चार बाइट, चौसष्टवर आठ. तेवढ्या फटीतून क्वालिसने एक्झिम या मेल सर्व्हरचा ताबा मिळवून दाखवला. खोट नोव्हेंबर २०००मधल्या २.२ आवृत्तीपासूनची होती. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट अशी की ती २०१३मध्येच दुरुस्तही झाली होती. तेव्हा ती साधा बग म्हणून नोंदली गेली, सुरक्षेची म्हणून कोणी ओळखली नाही, आणि वर्षानुवर्षं चालणाऱ्या जुन्या लिनक्स आवृत्त्यांपर्यंत ती दुरुस्ती पोचलीच नाही. म्हणून पॅच वाचणाऱ्याला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: ही चूक कोणी जाणूनबुजून वापरायची ठरवली तर? २०२४मध्ये ग्लिबसी प्रकल्पाला आपल्या खोटींना स्वतः सीव्हीई क्रमांक, म्हणजे सुरक्षेच्या खोटींची जगभर चालणारी ओळख, देण्याचा अधिकार मिळाला. घोस्टचा धडा गिरवायला इतकी वर्षं लागली, पण गिरवला.

या वाटचालीत मराठी नावं आहेत आणि ती आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाहीत, याची मला खंत वाटते. पुण्यात रेड हॅट या लिनक्स कंपनीत काम केलेले सिद्धेश पोयरेकर हे त्यांतलं ठळक नाव. गणिताची काही फंक्शनं क्वचित एखाद्या आकड्यावर अचानक कित्येक पटींनी मंद होत. शेवटचा बिटही अचूक यावा म्हणून आत ७६८ बिटांपर्यंतचं लांबलचक गणित चाले. हा सर्वांत वाईट प्रसंग सुसह्य करण्याचं काम पोयरेकरांनी केलं, ते ऑगस्ट २०१३च्या २.१८ आवृत्तीत आलं, आणि सोबत वेग मोजण्याची चौकटही त्यांनी उभी केली. पुढे २०१८च्या २.२८ आवृत्तीत यांतल्या बऱ्याच मंद वाटा काढूनच टाकल्या गेल्या. आधी मोजलं होतं म्हणून नंतर निर्धास्तपणे काढता आलं.

फेब्रुवारी २०१७ची २.२५ आणि ऑगस्ट २०१७ची २.२६ या आवृत्त्या पोयरेकरांच्या व्यवस्थापनाखाली निघाल्या. ग्लिबसी दर सहा महिन्यांनी निघते. शेवटच्या आठवड्यांत कोणता पॅच आत घ्यायचा आणि कोणता पुढच्या खेपेला, हे ठरवणं रिलीज मॅनेजरकडे असतं. ‘आत्ता नको’ हे शब्द ज्याला मन न दुखवता सांगता येतात त्यालाच हे जमतं. २.२५मध्ये त्यांनी लिहिलेली ‘ट्यूनेबल्स’ ही सोयही आली; लायब्ररीचं वागणं पुन्हा बांधणी न करता बाहेरून थोडं बदलता यावं यासाठी. ऑक्टोबर २०२३मध्ये क्वालिसने याच भागात सामान्य वापरकर्त्याला रूटचे, म्हणजे मशीनच्या पूर्ण ताब्याचे, अधिकार मिळवून देणारी खोट दाखवली. ती २०२१मधल्या एका बगच्या दुरुस्तीतून शिरली होती आणि तिच्यावरचा पॅच पोयरेकरांनीच लिहिला. दुरुस्तीतूनही नवी खोट येते, आणि म्हणून दुरुस्तीचं वाचन नव्या कोडपेक्षा कसून व्हावं लागतं.

जुलै २०१७मध्ये, २.२६च्याच सुमारास, ही लायब्ररी सुरू करणाऱ्या मॅक्ग्राथ यांनी तीस वर्षांच्या कामानंतर तिच्यातून निवृत्ती घेतली.

दुसरं मराठी नाव प्रवीण सातपुते यांचं, हेही तेव्हा रेड हॅटचे. कोणतं चिन्ह अक्षर आहे, कोणतं अंक, कोणती मात्रा, हे लायब्ररीला तक्त्यांतून कळतं. ते तक्ते फार मागे पडले होते. सातपुते आणि माइक फाबियान यांनी जगभरच्या लिप्यांची नोंद ठेवणाऱ्या युनिकोड या मानकाच्या मूळ माहितीवरून ते आपोआप तयार करणाऱ्या स्क्रिप्ट दिल्या आणि २०१५च्या २.२२ आवृत्तीत तक्ते युनिकोड ७.०वर आले. त्यानंतर प्रत्येक नवं युनिकोड झपाट्याने आत येऊ लागलं. इथे आमच्या यवतमाळ जिल्ह्याचा संबंध येतो. मंगलसिंग मसराम यांनी १९१८मध्ये घडवलेली मसराम गोंडी लिपी जून २०१७च्या युनिकोड १०.०मध्ये आली आणि दोनच महिन्यांत ग्लिबसी २.२६मध्ये उतरली. पैनगंगेपलीकडच्या आदिलाबाद जिल्ह्यातली गुंजाळा गोंडी युनिकोड ११.०मध्ये आली, तीही २.२८मध्ये दाखल झाली. पांढरकवडा, मारेगाव, झरी जामणीच्या परिसरात गोंड आणि कोलाम समाजाच्या घरांत बोलल्या जाणाऱ्या भाषांपैकी एकीच्या, म्हणजे गोंडीच्या, लिप्या या लायब्ररीला ओळखता येतात.

लिपी ओळखते, भाषा अजून नाही. प्रत्येक भाषेसाठी ग्लिबसीत एक लोकॅल फाइल असते: वारांची आणि महिन्यांची नावं, तारीख लिहिण्याची रीत, आकड्यांत स्वल्पविराम कुठे, वर्णक्रम कोणता, होकार-नकाराचे शब्द. मराठीची फाइल आहे, कोकणीची आहे, भिलीची, तुळूची, छत्तीसगढीचीही आहे. काश्मिरीच्या तर दोन आहेत, त्यांतली एक देवनागरीची. २०११च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी मातृभाषा सांगितलेल्या गोंडीची मात्र नाही. सव्वा लाखावर लोकांच्या कोलामीचीही नाही.

या फाइलीला सीचं ज्ञान लागत नाही. साधा मजकूर असतो, काही ठरावीक शब्द आणि त्यांच्यापुढे अवतरणात माहिती. मराठीची फाइल समोर उघडी ठेवून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी ती भरू शकेल. अडेल ते माहितीपाशी. वारांची नावं गोंडीत कोणती, कोणत्या भागातली धरायची, फाइल देवनागरीत करायची की मसराम गोंडीत की दोन्हींत, हे यवतमाळच्या, गडचिरोलीच्या, आदिलाबादच्या आणि बालाघाटच्या बोलणाऱ्यांनी एकत्र बसून ठरवायला हवं. युनिकोडच्या सीएलडीआर या भाषा-माहितीच्या साठ्याशीही तिचा मेळ बसवावा लागतो.

आणि मग ती पॅच म्हणून जाईल. टोरांटोत, म्युनिचमध्ये किंवा पुण्यात बसलेला अनुभवी वाचक फाइलीची रचना तपासेल, टेस्ट चालवून पाहील, चुकलेला अर्धविराम दाखवेल. महिन्याचं नाव बरोबर आहे की नाही, हे त्याला सांगता येणार नाही. त्या ओळींखाली ‘रिव्ह्यूड-बाय’ लिहायला झरी जामणीच्या एखाद्या वस्तीवरचं, नाहीतर पांढरकवड्याचं माणूस लागेल.