तंजावरच्या देवळापासून हिमशिखरापर्यंत

तंजावर म्हटले की आम्हां मराठी मंडळींना प्रथम आठवते ते सरस्वती महाल ग्रंथालय, मग सरफोजी राजे, आणि त्यानंतर बृहदीश्वराच्या देवळातील तो लांबलचक मराठी शिलालेख. नोकरीच्या निमित्ताने दक्षिणेत आलेला मराठी अधिकारी एकदा तरी तेथे जातो, 1803 साली कोरलेला भोसले वंशाचा वृत्तान्त अक्षर अक्षर लावीत वाचतो, आणि मुलखापासून इतक्या दूर आपली भाषा दगडावर पाहून सुखावतो. परंतु हा लेख कोरला गेल्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी त्याच देवळात एक प्रसंग घडला, त्याची मात्र तेथे नोंद नाही. हिमालयातील बर्फाच्या शिखरांची उंची माणसाला कशी कळली, या कथेचा एक दुवा त्या प्रसंगात आहे.

कथेचा आरंभ मद्रासेजवळच्या सेंट थॉमस टेकडीपाशी झाला. विल्यम लॅम्टन या इंग्रज अधिकाऱ्याने 1802 साली तेथील सपाट जमिनीवर साडेसात मैलांची एक रेषा साखळीने मोजली. एवढ्या कामाला 57 दिवस लागले. एक रेषा अशी बिनचूक हाती आली, की तिच्या दोन टोकांवरून दूरच्या एखाद्या खुणेचे कोन घ्यावयाचे. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले म्हणजे उरलेल्या बाजू गणिताने निघतात, आणि त्या बाजूंवर पुढचा त्रिकोण उभा राहतो. अशा त्रिकोणांची माळ गुंफीत सारा देश मोजावयाचा, हा त्याचा संकल्प होता. कोन घेण्यासाठी त्याने इंग्लंडातून मागविलेला थिओडोलाइट अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचा होता. त्याचे मुख्य वर्तुळ तीन फूट व्यासाचे होते, आणि त्यावरील बारीक रेघांतच सगळी विद्या साठविलेली होती.

हे यंत्र ठेवावयास उंच जागा लागते. डोंगराळ मुलखात ती मिळते. कावेरीच्या खोऱ्यात मात्र भातखाचरे आणि नारळीची बने यांपलीकडे दृष्टी पोचत नाही. तेव्हा लॅम्टनने देवळांचा आश्रय घेतला. 1808 साली तंजावरास बृहदीश्वराच्या देवळावर यंत्र चढविण्याचे ठरले. राजराज चोळाने 1010 साली पुरे केलेले हे देऊळ दोनशे फुटांहून उंच आहे. यंत्राची पेटी दोरांनी वर ओढली जात असता एक दोर तुटला, पेटी भिंतीवर जोराने आदळली, आणि ते मोलाचे वर्तुळ वाकडे झाले.

दुसरा कोणी असता, तर त्याने सरकारास पत्र लिहून विलायतेहून नवे यंत्र येईपर्यंत स्वस्थ बसण्यात आपला दोष नाही असे मानले असते. लॅम्टनने स्वतःला राहुटीत कोंडून घेतले. निवडक कारागिरांखेरीज आत कोणास प्रवेश नव्हता. पाचरी, स्क्रू आणि कप्प्या यांच्या साहाय्याने ते वर्तुळ हळूहळू ताणीत सहा आठवड्यांत त्याने ते जवळजवळ मूळच्या आकारावर आणले. मग माळ पुढे सरकू लागली. एवरेस्टच्या उंचीचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे बर्फ आणि कडे येतात. सपाट मैदानातल्या एका उकडत्या राहुटीतले हे सहा आठवडे कोणास आठवत नाहीत.

मोजणीचा तांडा म्हणजे एक चालते गावच असे. तंबू, बैल, पाणके, निशाणवाले, यंत्र वाहणारे खलाशी, असा तो संसार एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामी जाई. पुढे त्याच सुमारास, 1820 मध्ये, तंजावराहून दुसराही एक तांडा उत्तरेस निघाला. सरफोजी राजे मोठा परिवार घेऊन काशीयात्रेस चालले होते. 1799 च्या तहाने त्यांची सत्ता किल्ल्यापुरतीच उरली होती, पण जिज्ञासेला तहाची मर्यादा नव्हती. काशीच्या घाटांची त्यांच्या संग्रही असलेली चित्रे याची साक्ष देतात. त्या वेळी लॅम्टनचा मुक्काम निजामाच्या हैदराबादेस होता. एक तांडा तीर्थे जोडीत चालला होता, दुसरा कोन जोडीत. राजे 1822 मध्ये तंजावरास परतले. लॅम्टन परतला नाही. हैदराबादेहून नागपुराकडे जात असता 20 जानेवारी 1823 रोजी वऱ्हाडच्या पूर्वेस, वर्धेजवळच्या हिंगणघाटास, मुक्कामावरच त्याचा अंत झाला. तो सत्तरीच्या घरात होता. मराठी मातीत त्याची कबर आहे. हिमालय तेथून किती दूर!

काम त्याचा मदतनीस जॉर्ज एवरेस्ट याने पुढे नेले, आणि ते मोडक्या यंत्राला पुन्हा जीव देणाऱ्यांवाचून गेले नसते. अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन हे या खात्याचे यंत्रकार झाले, ही गोष्ट तमिळनाडूत राहणाऱ्या आम्हांस विशेष अभिमानाची वाटावी. एवरेस्ट 1843 मध्ये निवृत्त होऊन गेला. ज्या शिखराला पुढे त्याचे नाव मिळाले, त्याची मोजणी त्याच्या मागून झाली. नेपाळात शिरण्याची परवानगी नव्हती, म्हणून जेम्स निकोल्सनने 1849 साली बिहारच्या मैदानातून, शंभर मैलांहून अधिक अंतरावरून, त्या शिखराचे तीसहून अधिक वेध घेतले. हिवतापाने त्याचेही काम थांबविले. आकडेमोडीत राधानाथ शिकदार या बंगाली गणितज्ञाचा मोठा वाटा होता. 1856 साली उंची जाहीर झाली: 29,002 फूट. 2020 साली नेपाळ आणि चीन यांनी मिळून जाहीर केलेली उंची 8,848.86 मीटर, म्हणजे सुमारे 29,032 फूट आहे. तीस फुटांचाच काय तो फरक.

ज्यांना प्रत्यक्ष बर्फात मुक्काम करावा लागला, त्यांची गोष्ट आणखी वेगळी. काठ्या, निशाणे, सरपण, शिधा, सारे पाठीवर वाहून न्यावयाचे, बर्फ उपसून खडक मोकळा करावयाचा, आणि ढग विरळ होण्याची वाट पाहत राहुटीत दिवस काढावयाचे. 1860 साली स्पितीतील शिल्ला शिखरावर खात्याचा एक खलाशी खुणेची काठी घेऊन चढला. त्या काळी हे शिखर 23,000 फुटांवर मानले जाई. मागाहून ते तीन हजार फुटांनी कमी भरले. तरीही वीस हजार फुटांवर काठी रोवणाऱ्या त्या माणसाचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

या कथेची दुसरी बाजूही आम्हांस विसरता येत नाही. ही मोजणी निव्वळ ज्ञानासाठी नव्हती. मोजलेल्या मुलखात फौजा नेणे सोपे जाते आणि सारा बसविणेही सोपे जाते. ऑक्टोबर 1855 मध्ये तंजावरचे शिवाजी राजे पुत्रावाचून वारले, आणि कंपनीने ते राज्य संपल्याचे ठरविले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आतच जगातील सर्वांत उंच शिखराचा आकडा जाहीर झाला. मोजणारे हात आणि घेणारे हात एकाच सरकारचे होते. राणी कामाक्षीबाईंनी केलेली फिर्याद विलायतेच्या वरिष्ठ न्यायासनापुढे 1859 साली फेटाळली गेली.

म्हणून लॅम्टनच्या चिकाटीचे कौतुक करताना ती कोणाच्या कामी आली, याचा हिशेबही मांडला पाहिजे. तसेच ज्या सरकारने तिचा उपयोग केला त्या सरकारच्या दोषामुळे त्या सहा आठवड्यांचे मोल कमी होत नाही, हेही मानले पाहिजे. सरकार गेले, कोन खरे होते म्हणून राहिले. सरकारी नोकरीत मुलूखभर फिरणाऱ्या आमच्या वाचकांस यातले मर्म सांगावयास नको. आपण केलेल्या कामाचे शेवटचे टोक बहुधा आपल्यास दिसत नाही. बदली होते, दप्तर दुसऱ्याच्या हाती जाते. मागून येणाऱ्याने आपल्या आकड्यावर निःशंक विसंबावे, एवढेच आपल्या हाती असते. तंजावरास गेल्यावर भिंतीवरचा मराठी लेख तर वाचावाच. पण एकदा मान वर करून त्या शिखराकडेही पाहावे, आणि दोर ओढणाऱ्या त्या अनामिक माणसांची आठवण करावी.