गुलाबाचे छाट-कलम

गुलाबाचे छाट-कलम : गुलाबाच्या फांदीचा वीतभर तुकडा मातीत खोचून, स्वतःच्याच मुळांवर उभे राहणारे नवे झुडूप तयार करण्याची रीत. हिला फाटे-कलम असेही म्हणतात. घरोघरी मात्र ‘काडी लावणे’ एवढेच नाव चालते. ‘कलम’ या शब्दाचा एक जुना अर्थ बोरूची लेखणी असा आहे, आणि बोरू तासताना घेतात तसाच तिरका काप काडीच्या बुडाशीही घ्यावयाचा असल्याने हा शब्द या कामाला फार शोभतो.

बागांतील बहुतेक गुलाब संकरज असल्यामुळे त्यांच्या बियांची रोपे आईच्या वळणावर जात नाहीत. फांदीतून निपजलेले झुडूप मात्र मातृवृक्षाचेच अंग असते, आणि म्हणून १८६७ साली फ्रान्समधील गियो याने प्रचारात आणलेल्या ‘ला फ्रान्स’ या गुलाबाचे आज कोठेही उभे असलेले अस्सल झाड हे त्या एकाच रोपाचे, हातोहात पुढे आलेले अंग होय. डोळा भरूनही हेच साधते, व रोपवाटिकांतील रोपे प्रायः काटक खुंटावर डोळा भरूनच केलेली असतात. परंतु अशा झाडाचा वरचा आणि खालचा भाग निरनिराळ्या घराण्यांचा असल्याने, मालकाची नजर चुकली की खुंटाचे फुटवे बुडातून वर येतात, वरच्या जातीचे पोषण तोडतात, आणि काही वर्षांत हव्या त्या गुलाबाच्या जागी भलतेच झुडूप दारात नांदू लागते. छाट-कलमात ही दुफळी मुळीच नसते. वरचे अंग वाळून गेले तरी जिवंत मुळांतून तीच जात पुन्हा वर येते. घरच्या बागेला हीच रीत श्रेयस्कर, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

काडीची निवड हे निम्मे काम. नुकतेच फूल येऊन गेलेली, शिसपेन्सिलीच्या जाडीची फांदी घ्यावी. तिचा काटा अंगठ्याने बाजूस दाबताच कट्कन मोडून निघाला तर ती बेताची पिकली आहे असे समजावे, वाकून सालीला लोंबत राहिला तर ती अद्याप कोवळी आहे. तीनचार डोळ्यांची, १५ ते २० सेंमी. लांबीची काडी करून खालचा काप डोळ्याच्या लगत खाली व वरचा काप डोळ्याच्या अर्धा सेंमी. वर घ्यावा, शेंड्याची एकदोन पाने राखून बाकीची काढावीत. देशावर पावसाळा आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतरचे थंडीचे दिवस हे हंगाम योग्य, कारण छाटणीत टाकून द्यावयाच्या फांद्या तेव्हा अनायासे हाती येतात. जाड वाळू आणि कुजलेला पालापाचोळा यांचे निचऱ्याचे मिश्रण वापरावे. शेणखत येथे वर्ज्य, कारण मुळे नसलेल्या काडीला त्याचा उपयोग नाही आणि कुजीला मात्र ते निमंत्रण ठरते. निम्मी काडी मातीत जाऊन दोन डोळे खाली राहतील अशी ती सुलटी खोचून कुंडी सावलीत ठेवावी व वर काचेची बरणी पालथी घालावी.

पुढचा मामला वाटतो त्याहून संथ असतो. पंधरवड्यात वरचा डोळा फुगून तांबूस पालवी फुटते, आणि काडी लागली या आनंदात पुष्कळजण तिला उपटून पाहतात. वस्तुतः ती पालवी काडीतल्या साठवणीच्या शिध्यावर फुटलेली असते व मातीखाली बहुधा एकही मूळ नसते. त्या सुमारास बूड पाहिले तर कापाच्या कडेने, साल आणि लाकूड यांच्या सांध्यावर, राजगिऱ्याचे दाणे चिकटावेत तसा पांढुरका, खरबरीत उंचवटा दिसतो. हा किण म्हणजे वनस्पतीने केलेला जखमेचा बंदोबस्त होय, मूळ नव्हे. शेंड्याकडून खाली उतरणाऱ्या ऑक्सिन या वाढद्रव्याच्या प्रेरणेने मुळे पुढे, साधारणतः चार ते सहा आठवड्यांत फुटतात, आणि ती सुतासारखी नाजूक असल्याने तोवर काडीला हात लावणे म्हणजे केलेल्या श्रमांवर पाणी सोडणे होय. इंडॉल ब्युटिरिक ॲसिडाची भुकटी बुडाला लावली असता हे काम सुकर होते. बटाट्यात काडी खोचून पुरण्याची रीत हल्ली फार बोलली जाते. बटाटा ओलावा धरतो हे खरे, पण तो सडला की काडीचे बूडही सडवतो.

सर्वच जाती सारख्या वश होत नाहीत. हिंदी महासागरातील रेयुन्यों बेटावर दमास्क व चिनी गुलाबांच्या संकरातून निपजलेला, आणि आपल्याकडे ‘एडवर्ड’ या नावाने रुळलेला सुवासिक गुलाबी गुलाब सहज लागतो. वेली आणि लहान फुलांचे गुलाबही तसेच. टपोऱ्या फुलांच्या संकरित टी-गुलाबांत, विशेषतः पिवळ्यांत, बऱ्याच काड्या बुडापासून काळ्या पडून वाया जातात, म्हणून त्यांच्या एकाऐवजी आठदहा काड्या लावाव्यात. उघड्या वाफ्यात वाळवीची दखल आधीच घ्यावी. नवी पालवी हिरवी होऊन टणकली की मुळांभोवतीची माती न फोडता रोप मोठ्या कुंडीत हलवावे, आणि पहिल्या दोनतीन कळ्या दिसताच खुडून टाकाव्यात, म्हणजे झाडाचा जोर मुळांकडे राहतो.