जिन्यातला दिवा : दोन बटणे आणि एक मीटर

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काका, तुमच्या विषयावर काहीतरी लिहून द्या," असे संपादक मंडळाने सांगितले, तेव्हा माझा विषय कोणता हे विचारायची गरज कोणालाच पडली नाही. आयटीआयला वायरमन ट्रेड केला आणि त्यानंतरचे सगळे आयुष्य इचलकरंजीतल्या मागांच्या शेडमध्ये आणि लोकांच्या घरांत वायरी ओढण्यात गेले. सोसायटीचा इतिहास, पदाधिकाऱ्यांची यादी, गणेशोत्सवाच्या आठवणी या सगळ्यावर इतर सभासद लिहीत आहेतच. मी आपला जिन्यातल्या दिव्यावर लिहितो. खाली लावायचा आणि वर जाऊन बंद करायचा, एवढेच आपल्याला त्याचे ठाऊक असते. पण पंचवीस वर्षांत आपल्याकडे पाण्याच्या खालोखाल वाद कशावरून झाले असतील तर ते याच दिव्यावरून. तो कोणाच्या मीटरवर, कोण लावतो, कोण बंद करत नाही, वगैरे. त्या वादामागे थोडा इतिहास आहे, तो सभासद बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

सुरुवात गावापासून करू. इचलकरंजीची नगरपालिका १८९३ सालची. श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या जहागिरीत, त्यांच्या उत्तेजनाने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली गावात पहिला यंत्रमाग बसवला, आणि पुढे या गावाला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणू लागले. देशात तेव्हा विजेची नुकती कुठे सुरुवात होती. पाण्यावरची पहिली वीज दार्जिलिंगला १८९७ साली झाली, म्हैसूर संस्थानात शिवनसमुद्रची १९०२ साली, आणि टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली ती १९१५ साली. वीज पोचण्याआधी कारखान्याची रीत सगळीकडे सारखीच. एक इंजिन, छताखालून गेलेला लांब शाफ्ट आणि त्यावरून प्रत्येक यंत्राला उतरलेला पट्टा. इंजिन थांबले की सगळेच थांबले. मागाला स्वतःची मोटर आणि स्वतःचा स्टार्टर मिळाला, तेव्हा माग कधी चालवायचा आणि कधी थांबवायचा हे मागाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आले. विजेने दिलेली खरी मोठी गोष्ट ही, असे मला वाटते. ताकद तर इंजिनातही होती. जिथे माणूस उभा, तिथे बटण, ही सोय इंजिनात नव्हती.

१९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, १९६२ साली कोयनेची वीज सुरू झाली, आणि आपल्या भागात मागांच्या शेडांबरोबर घराघरांत लाईट गेली. मी कामाला लागलो तेव्हा जुन्या मिस्त्रींनी शेडमधली पहिली गोष्ट शिकवली ती अशी : शेडचे सगळे दिवे एका फेजवर कधी घ्यायचे नाहीत. ओळीने पहिली ट्यूब एका फेजवर, दुसरी दुसऱ्यावर, तिसरी तिसऱ्यावर. याची कारणे दोन. रात्रपाळीत एका फेजचा फ्यूज उडाला तरी शेड पूर्ण अंधारात जात नाही. फिरत्या यंत्रांमध्ये अंधार झाला तर हात जातो. दुसरे कारण असे की जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंद होते. डोळ्याला ते कळत नाही, पण सगळ्या ट्यूब एकाच तालात असतील तर फिरणारे चाक कधी कधी थांबल्यासारखे किंवा उलटे फिरल्यासारखे दिसते. शेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर असल्या की हा भास बराच कमी होतो. म्हणजे एका जागेचे दिवे एकाहून जास्त सर्किटवर असणे हा शेडमध्ये शहाणपणा होता. पण तिथे प्रत्येक दिवा मात्र एकाच सर्किटवर असे, आणि कोणता दिवा कोणत्या फेजवर हे बोर्डावर रंगाने लिहिलेले असे. हे विसरलेले लोक पुढे घरात घोटाळा करतात.

आता जिन्याकडे वळू. वाड्यात किंवा चाळीत जिन्याला दिवा असलाच तर एक, आणि त्याचे बटण मालकाच्या खोलीत. मालक झोपले की जिना झोपला. खाली आणि वर दोन्हीकडे बटण ही मजले वाढल्यानंतरची गरज. बटणाचाही इतिहास आहे. सुरुवातीच्या बटणांत तुटताना ठिणगी पडून पत्रे जळत. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ साली स्प्रिंगने झटकन तुटणारे बटण काढले, आणि आजही आपण जो "टक्" आवाज ऐकतो तो त्या झटक्याचाच.

आयटीआयच्या पुस्तकात याला "जिना वायरिंग" म्हणतात. साध्या बटणाला दोन टोके असतात, टू-वे बटणाला तीन. मधले टोक कॉमन. खालच्या बटणाच्या कॉमनला फेज द्यायची, वरच्या बटणाच्या कॉमनमधून वायर दिव्याला न्यायची, आणि दिव्याचे दुसरे टोक न्यूट्रलला. दोन्ही बटणांची उरलेली दोन-दोन टोके दोन वायरींनी एकमेकांना जोडायची. दोन्ही बटणे एकाच वायरीकडे वळलेली असली की दिवा लागतो, वेगवेगळ्या वायरींकडे असली की विझतो. म्हणून कोणतेही एक बटण दाबले तरी दिव्याची स्थिती बदलते. तीन मजले असतील तर मधल्या मजल्यावर चार टोकांचे इंटरमिजिएट बटण बसवायचे. ते त्या दोन वायरींची फक्त अदलाबदल करते. मजले वाढतील तशी इंटरमिजिएट बटणे वाढवायची, बाकी काही बदलत नाही. माझे मिस्त्री हे पोराला समजवायला जात्याच्या खुंट्याचे उदाहरण देत : "दोघी जणी दळायला बसल्या तरी जातं एकच, आणि दाणंबी एकाच हातानं घालायचं."

दाणे एकाच हाताने घालायचे, हा यातला कळीचा मुद्दा. हुकूम कितीही ठिकाणांहून द्या, वीज एकाच ठिकाणाहून यावी. कारण दुसरी एक पद्धत होती, आणि ती स्वस्त पडे. प्रत्येक मजल्यावर फेज आणि न्यूट्रल दोन्ही आहेतच, तर दोन्ही बटणांना तिथल्या तिथे दोन्ही द्यायचे आणि दिवा दोन कॉमनच्या मध्ये टांगायचा. मजल्यामजल्यातली वायर वाचते. अमेरिकेत याला कार्टर पद्धत म्हणत, आणि तिथल्या विद्युत संहितेने १९२३ सालीच तिला बंदी केली. कारण सोपे आहे : दिवा विझलेला असताना त्याच्या दोन्ही टोकांना फेज असू शकते. होल्डरला हात लावणारा समजतो बटण बंद आहे, आणि झटका खातो. आपल्याकडच्या इमारतींत त्यात आणखी एक भर. खालचा मजला एका फेजवर आणि वरचा दुसऱ्या फेजवर असला तर दिव्याला २३० ऐवजी सुमारे ४०० व्होल्ट मिळतात. "नवीन बल्ब आठ दिवसांत फुटतोय," ही तक्रार घेऊन लोक बल्बच्या दुकानदाराशी भांडतात, आणि दोष असतो भिंतीत.

सहकारी गृहनिर्माणाने यातला अर्धा प्रश्न सोडवला. मुंबईत गावदेवीला सारस्वत सोसायटी १९१५ साली नोंदली गेली, महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा १९६० साली झाला, आणि "सामाईक" हा शब्द घराघरांत रुळला. सामाईक जिना, सामाईक टाकी, सामाईक मोटर, म्हणून सामाईक मीटर. जिन्यातला दिवा कोणा एकाच्या मीटरवर नसतो, तो सगळ्यांचा. सुरुवातीच्या दिवसांत आपल्याकडे पंपाच्या मोटरीसाठी मीटर आले, पण जिन्याचे दिवे मात्र ज्याच्या दारासमोर दिवा त्याच्या घरातून घेतले होते. त्यावरून झालेली भांडणे जुन्या सभासदांना आठवत असतीलच. हिशेब केला तर ४० वॅटचा बल्ब रोज १२ तास लागला तर महिन्याला साधारण साडेचौदा युनिट होतात. आज ९ वॅटच्या एलईडीला तेवढ्याच वेळात सव्वातीन युनिट पुरतात. भांडण पैशाचे वाटायचे, पण खरे कारण वेगळे होते. आपल्या घरातली वीज दुसऱ्याच्या बटणावर चालते, हे कोणाला आवडत नाही. पुढे सर्वसाधारण सभेने ठराव करून जिन्याचे दिवे सामाईक मीटरवर घेतले, आणि तो विषय मिटला असे आपण समजलो.

मिटला नाही, कारण २००५ नंतर भारनियमन आले. त्याच वर्षी विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण झाले होते. पुढची काही वर्षे लाईट जाण्याच्या वेळा पाठ झाल्या. गावात लाईट आली की माग सुरू, गेली की माग बंद. घरोघरी इन्व्हर्टर आले. मग कोणीतरी वाटेतल्या अंधारासाठी आपल्या इन्व्हर्टरची एक वायर जिन्यातल्या दिव्याला जोडून दिली. हेतू चांगलाच. पण आता एकाच दिव्याला दोन ठिकाणांहून वीज. गावातल्या एका इमारतीत असेच होते. एका पोराने सामाईक मेन स्विच बंद करून दिवा बदलायला घेतला, आणि वरच्या मजल्यावरच्या इन्व्हर्टरची वीज होल्डरमध्ये होती. तो स्टुलावरून पडला आणि हात मोडला. काम दुरुस्त करायला मला बोलावले होते. त्याची आई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होती : "मेन बंद केलं होतं वो, मग लाईट आली कुठनं?" तिच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल अशी वायरिंग असणे, यालाच मी सुरक्षित वायरिंग म्हणतो.

याच कारणासाठी जनरेटर घेतला की चेंजओव्हर स्विच लागतो. त्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला जातो : एकतर महावितरणकडे, नाहीतर जनरेटरकडे. तो नसेल आणि जनरेटर नुसता प्लगमध्ये खुपसला तर वीज उलटी मीटरमधून बाहेर जाते, आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये उलट्या दिशेने चढून ११,००० व्होल्ट होते. खांबावर लाईनमन काम करत असतो, लाईन बंद आहे या भरवशावर. २००५, २०१९ आणि २०२१ या सालांत पंचगंगेला महापूर आला, नदीकाठच्या भागात लाईट बंद ठेवावी लागली, तेव्हा हा धोका पुस्तकातला राहत नाही.

आता नव्या काळाच्या दोन खुणा. एक, जुने चकतीचे मीटर जाऊन इलेक्ट्रॉनिक मीटर आले. त्यातल्या अनेकांवर "अर्थ" लिहिलेला एक छोटा दिवा असतो. फेज एका मीटरची आणि न्यूट्रल दुसऱ्याची घेतली की तो लागतो. जुन्या फ्यूजच्या काळात हे उसने न्यूट्रल वर्षानुवर्षे चालून जाई. आज आरसीसीबी बसवला तर तो लगेच ट्रिप होतो, आणि लोक म्हणतात आरसीसीबी खराब आहे. दोन, एलईडी. बटण बंद असूनही एलईडी मिणमिणतो अशी तक्रार येते. लांब पाइपातून शेजारी शेजारी गेलेल्या वायरींमुळे तेवढी किंचित वीज दिव्यापर्यंत पोचते; जुन्या बल्बला ती जाणवत नव्हती. मात्र कधी कधी कारण हे असते की बटण फेजऐवजी न्यूट्रलवर लावले आहे. म्हणून मिणमिणता दिवा दिसला की हसण्यावारी नेऊ नका, टेस्टरने तपासून घ्या.

मागच्या दिवाळीआधी कार्यकारी मंडळाच्या सांगण्यावरून मी आणि दोन तरुण सभासदांनी आपले तिन्ही जिने तपासले. एका जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर न्यूट्रल घरातली निघाली, आणि एका ठिकाणी जुनी इन्व्हर्टरची वायर कापून टेप गुंडाळून तशीच सोडलेली होती. तिच्यात वीज होती. दोन्ही काढल्या. कोणी केले हे आम्ही विचारले नाही. पण भिंतीतली वायर आता पंचवीस वर्षांची झाली, आणि मेगर लावल्यावर दोन लाईनींचे आकडे खाली आलेले दिसले.

पुढच्या सर्वसाधारण सभेत जिन्याची वायरिंग नव्याने करण्याचा आणि गच्चीवर सोलर बसवण्याचा विषय एकत्रच येणार आहे. सोलर म्हणजे पुन्हा दुसऱ्या ठिकाणाहून वीज. नेट मीटरवरचा सोलर इन्व्हर्टर महावितरणची लाईट गेली की स्वतःहून बंद होतो, तो लाईनमनच्या जिवासाठीच, म्हणून "सोलर असून लाईट कशी गेली?" असे तेव्हा विचारू नये. माझी सभेला विनंती तीन गोष्टींची. जिन्याचे दिवे फक्त सामाईक मीटरवर, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तिथलेच. घरातून एकही वायर जिन्यात नको, हेतू कितीही चांगला असो. आणि पार्किंगमधल्या बोर्डाजवळ एक तक्ता, कोणत्या एमसीबीवर कोणता मजला हे मराठीत, ठळक अक्षरांत. काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे, आणि प्लास्टर करण्याआधी पाइपांचे फोटो काढून सोसायटीच्या दप्तरी ठेवावेत. माझ्यानंतर जो कोणी भिंत फोडेल, त्याला वायर कुठून कुठे गेली ते शोधत बसावे लागू नये.

सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा. आणि वर पोचल्यावर दिवा बंद करायला विसरू नका. खालून कोणी येत असेल तर मात्र राहू द्या.