समुद्राखालून आलेला आवाज आणि ट्रीऑर्कीचे खाणकामगार

५ ऑक्टोबर १९५७. दक्षिण वेल्समधील पोर्थकॉल या समुद्रकाठच्या गावी खाणकामगारांची वार्षिक गायनस्पर्धा, म्हणजेच तिथला ‘आयस्टेडवॉड’, भरली होती. सभागृह तुडुंब भरलेले, पण प्रमुख पाहुणा मात्र न्यूयॉर्कमध्ये. पॉल रोब्सन या कृष्णवर्णीय अमेरिकन गायकाचा पासपोर्ट त्याच्याच सरकारने १९५० साली काढून घेतला होता. त्याची राजकीय मते सरकारला सलत होती. तेव्हा वर्षभरापूर्वीच सुरू झालेल्या अटलांटिक दूरध्वनी तारेतून त्याचा आवाज सभागृहात पोहोचला, आणि त्याला सुरांतच उत्तर दिले ते ट्रीऑर्की गावच्या पुरुष गायकवृंदाने.

खाणकामगारांना गाण्याची ही असोशी आली कुठून?

ट्रीऑर्की हे ऱ्होंडा खोऱ्यातले गाव. १८५१ मध्ये या खोऱ्यात हजारभरही माणसे नव्हती. मग कोळसा सापडत गेला आणि १९११ पर्यंत लोकसंख्या दीड लाखापुढे गेली. १८४२ च्या कायद्याने स्त्रियांना खाणीत उतरण्यास बंदी केली होती. त्यामुळे भूगर्भातले जग निव्वळ पुरुषांचे राहिले. पाळीत एकत्र, प्रार्थनामंदिरात एकत्र, संध्याकाळी तालमीतही एकत्र.

‘वेल्श माणूस जन्मतःच गातो’ ही दंतकथा गोड आहे, पण ती या माणसांच्या कष्टांवर अन्याय करते. त्यांच्या हाती एक साधन होते : ‘टॉनिक सोल-फा’ ही स्वरलेखनपद्धती. पाच रेघांऐवजी साधी अक्षरे. आणि आपल्या ‘सा’प्रमाणेच तिचा आधारस्वर कोणत्याही पट्टीत धरता येई. साध्या खिळ्यांनी छापता येत असल्याने तिची पुस्तके स्वस्त असत. पियानो कधी घरात न आलेला मजूरही त्यामुळे चार आवाजांची अवघड रचना वाचून गाऊ शके.

१८८३ मध्ये गावातल्या ‘रेड काउ’ या खानावळवजा मद्यगृहातील स्पर्धेत काही तरुणांनी एक पौंडाचे बक्षीस जिंकले. तिथून हा वृंद उभा राहिला. खोऱ्यातली चुरस जबर होती. शेजारच्याच ‘ऱ्होंडा ग्ली सोसायटी’ने १८९३ मध्ये थेट शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पहिले बक्षीस पटकावले. १८९५ मध्ये विल्यम टॉमस यांच्या नेतृत्वाखाली ट्रीऑर्कीकर विंडसर किल्ल्यात राणी व्हिक्टोरियासमोर गायले. पुढे वृंद मोडला, पुन्हा जुळला. दुसऱ्या महायुद्धात बंद पडलेला हा वृंद १९४६ मध्ये जॉन हेडन डेव्हिस या शिक्षकाने नव्याने बांधला.

राणीसमोर गाणारे नाव तेच, आणि सरकारने कोंडलेल्या गायकाला साथ देणारेही तेच. यात विसंगती शोधणाऱ्यांनी रोब्सनचे वेल्सशी असलेले जुने नाते पाहावे. १९४० च्या ‘द प्राउड व्हॅली’ चित्रपटात तो वेल्श खाणीत काम करणारा आणि तिथल्याच गायकवृंदात सामील होणारा परदेशी मजूर झाला होता. खाणीत कोळशाच्या धुळीने सगळ्यांचेच चेहरे काळे होतात, ही त्या कथेतली कळीची जाणीव.

१९५८ मध्ये रोब्सनला पासपोर्ट परत मिळाला आणि त्याच वर्षी एब्बू व्हेलच्या आयस्टेडवॉडमध्ये तो प्रत्यक्ष उभा राहिला. ऱ्होंडाची शेवटची खाण, मार्डी, डिसेंबर १९९० मध्ये बंद झाली. ट्रीऑर्कीच्या तालमी मात्र अजून चालू आहेत.