श्रुती-हार्मोनियम

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांच्या मापांवरून विसाव्या शतकाच्या आरंभी तयार झालेली, बावीस श्रुतींसाठी, म्हणजे सप्तकातील सूक्ष्म स्वरस्थानांसाठी, बेतलेली पेटी. पियानोप्रमाणे समान अंतरांवर लावलेल्या बारा पट्ट्यांवर भारतीय स्वर शिकवावेत काय, या वादातून ती निघाली.

देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातले स्वर तारेच्या मापांशी ताडून त्यांनी श्रुतींची प्रमाणे मांडली. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१० साली पुण्यात निघाला. भारतीय नागरी सेवेतील अधिकारी ई. क्लेमेंट्स यांची त्यांना साथ मिळाली. दोघांच्या पुढाकाराने साताऱ्यात ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ उभी राहिली. क्लेमेंट्स यांचे भारतीय संगीताचा परिचय करून देणारे इंग्रजी पुस्तक १९१३ चे. पेटी मात्र लंडनच्या मूर अँड मूर यांनी बनवली.

अध्यापनातील उपयोग : साध्या पेटीवर काळी एक, पांढरी चार अशा कोणत्याही पट्टीला षड्ज मानता येतो. वर्गात निरनिराळ्या पट्टीचे गळे असले तरी शिक्षकाचे काम एका पेटीवर निभते. श्रुतींवर लावलेल्या पेटीत ही सोय जाते. स्वरांची प्रमाणे एका षड्जाशी बांधलेली असल्याने षड्ज हलवला की बाकीचे स्वर चुकतात. स्केल-चेंजची युक्तीही इथे कामाची नाही, कारण तीत पट्ट्या सरकतात, सूर जागचे हलत नाहीत. म्हणून हे वाद्य साथीपेक्षा कान तयार करण्यास अधिक उपयोगी. गाण्याची पेटी म्हणून त्याचे कौतुक करणाऱ्यांनी हा भेद फारसा पाळलेला दिसत नाही.

रियाज : आधी पंचम घ्यावा. षड्ज २४० कंपनांचा धरला, तर शुद्ध पंचम ३६० आणि साध्या पेटीचा सुमारे ३५९.६; हा फरक सहसा जाणवत नाही. गंधारात मात्र जाणवतो. ५:४ या प्रमाणाचा गंधार ३००, साध्या पेटीचा सुमारे ३०२.४. षड्जाच्या तारेतून उमटणाऱ्या पाचव्या उपस्वराची कंपने १२००. पेटीच्या गंधाराच्या चौथ्या उपस्वराची सुमारे १२०९.५. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला नऊ-दहा डोल पडतात, म्हणजे आवाज तितक्या वेळा लहानमोठा होतो. तानपुरा छेडत ठेवून दोन्ही पेट्यांचे गंधार आळीपाळीने दाबावेत, डोल कुठे थांबतो ते ऐकावे, मग पट्टी सोडून तोच स्वर गळ्याने लावावा आणि पुन्हा पट्टी दाबून पडताळावा. पट्टी दाबून ठेवूनच गाणारा विद्यार्थी पेटीच्या मागे लपतो. भाता हलका व एकसारखा हवा; जोराने हवा भरली तर सूर किंचित उतरतो आणि तुलना फसते. कोमल गंधारात चूक उलट दिशेची असते : ६:५ प्रमाणाने २८८, साध्या पेटीवर सुमारे २८५.४.



सूर लावणे : पितळी जिभेचे टोक कानशीने किंचित घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. जास्त घासलेली जीभ मात्र पूर्ववत होत नाही, तेव्हा हे काम विद्यार्थ्याच्या हाती देऊ नये.

प्रसार : मार्च १९१६ मध्ये बडोद्याला भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत हे वाद्य मांडले गेले. तेथे श्रुतींच्या प्रमाणांवर एकमत झाले नाही. संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंडे यांना देवल-क्लेमेंट्स यांची मांडणी मान्य नव्हती. १९४० मध्ये आकाशवाणीने साध्या पेटीलाही मज्जाव केला, त्यामागे बारा पट्ट्यांविषयीचे हेच आक्षेप होते.

अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी नव्याने सिद्ध केली. तीत षड्ज व पंचम अचल. उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन श्रुती, त्यांपैकी हवी ती खटका ओढून निवडता येते.